कापलेली पुंगळी

पुंगळी हातात आली की टणटणकाका तिला आधी उलटी करतात. तोंड नंतर बघायचं, लांबी त्याहून नंतर. माणूस तोंडावरून ओळखावा आणि पुंगळी बुडावरून, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

युद्धनौकेवरची तोफ उडाली की गोळा समुद्रात जातो आणि मागे उरते ती पितळेची पुंगळी, म्हणजे जिच्यात दारू भरलेली असते ती लांबट नळी. काही गुडघ्याएवढ्या असतात, काही उभ्या केल्या तर मांडीपर्यंत येतात. प्रत्येकीच्या बुडावर ठसे असतात. तोफेचं माप, कारखान्याची अक्षरं, साल, तपासनिसाची खूण आणि लॉटचा आकडा, म्हणजे एका खेपेला एकाच पितळातून घडवलेल्या मालाचा क्रमांक. नौदल पितळ फेकून देत नाही. उडवलेली पुंगळी परत आगारात जाते, तापवून-ठोकून मापात आणली जाते, पुन्हा भरली जाते, आणि दर खेपेला बुडावर एक बारीक ठिपका वाढतो. वाचता येणाऱ्याला त्यावरून ती कुठे जन्मली, किती वेळा भाजली, सगळं कळतं.

ठसे झिजलेले असले तर काका बुडावर पातळ कागद धरतात आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवतात. डोळ्यांना न दिसणारा आकडा कागदावर उमटतो. पॉलिशला ते हात लावत नाहीत. पॉलिश दर वेळी थोडं पितळ खातं आणि पितळाबरोबर आकडाही खातं. साबणाचं कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि फाटक्या बनियनचा फडका, एवढीच सामग्री.

सगळ्यात शेवटी आवाज. दोन बोटं पुंगळीच्या तोंडात घालून ती अधांतरी धरायची आणि दुसऱ्या हाताच्या पेराने तिच्या अंगावर टक्‌ करायचं. पितळ धड असेल तर घंटेसारखा लांब आवाज निघतो आणि हळूहळू विरतो. कुठे बारीकशी चीर असेल तर नुसतं थप्प. चीर डोळ्यांच्या आधी कानाला कळते. हे टकटक करणं इमारतीतल्या पोरांनी जिन्यात ऐकलं आणि काकांचं नाव पडलं. खरं नाव आता फक्त वीजबिलावर आहे.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत दोन भिंतींना लाकडी फळ्या, फळ्यांना आधार म्हणून पाण्याच्या पाइपाचे तुकडे, आणि त्यावर पुंगळ्या ओळीने उभ्या. खिडकीतून ऊन आलं की पलीकडच्या भिंतीवर पिवळट उजेड पडतो. बाकी दिवसभर त्या तपकिरी आणि मुक्या दिसतात. झाडू मारताना काकूंना एकेक उचलून बाजूला ठेवावी लागते. लग्न झालं तेव्हा यांतलं काही नव्हतं.

"आमच्याकडे चोर शिरला तर हात वर करूनच शिरेल," काकू म्हणतात. पाहुण्याला खुर्ची देताना सांगतात, "जरा सांभाळून बसा, मागे आरमार आहे."

काकांनी हयात पाणीखात्याच्या वर्कशॉपमध्ये काढली. बंद पडलेले पाण्याचे मीटर उघडायचे, आतली पितळी चाकं साफ करायची, बसवायची, आकडा शून्यावर आणायचा. बाकावर उजेड पुरेसा नसायचा, म्हणून त्यांनी बोटांनी दाते मोजायची सवय लावून घेतली. पितळ कसं वागतं हे त्यांना तिथे कळलं. समुद्राशी त्यांचा संबंध नव्हता. समुद्राशी संबंध होता त्यांच्या दादाचा.

दादा काकांहून बराच मोठा. नौदलात तोफेवर होता. तोफेच्या मागे खाली-वर सरकणारं एक पोलादी दार असतं. पुंगळी आत सारली की ते लावायचं, गोळा उडाला की उघडायचं. दार लावणं आणि उघडणं हे दादाचं काम. सरावाच्या एका दिवशी तोफ डागली आणि गोळा उडाला नाही. अशा वेळी नियम साधा असतो. दाराला हात लावायचा नाही. बुडाच्या मध्यभागी ठिणगी पाडणारी जी टोपी असते ती कधीकधी आतल्या आत धुमसत राहते आणि उशिरा पेटते. म्हणून अर्धा तास थांबायचं. त्या दिवशी अर्धा तास व्हायच्या आत स्फोट झाला, आणि तो मागच्या बाजूला झाला. दादा गेला. त्याच्या शेजारी पुढचा गोळा घेऊन उभा असलेला एक पोरसवदा खलाशीही गेला.

चौकशी झाली. निष्कर्ष एका वाक्यात सांगण्यात आला: दार वेळेआधी उघडलं गेलं. दार कोणाच्या हातात होतं हे सांगायची गरज नव्हती.

वहिनींना हे कळलं ते नौदलाच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात, कागदावर सही करायला गेल्या होत्या तेव्हा. कडेवर मुलगी होती. बाकावर त्या खलाशाची आई बसली होती. ती उठली, वहिनींच्या समोर आली आणि म्हणाली, "तुमच्या नवऱ्याला घाई झाली आणि माझं पोर गेलं." पुन्हा जाऊन बाकावर बसली. काका शेजारी उभे होते. वहिनी परतीच्या बसमध्ये बोलल्या.

"भावजी, हे चहा गाळायच्या आधी झाकण ठेवून थांबायचे. मी म्हणायची, अहो, गार होईल. म्हणायचे, मुरू दे जरा. तो माणूस घाई करेल?"

"नाही करणार."

"मग?"

त्या "मग"चं उत्तर शोधणं हा काकांचा छंद झाला. लोक छंद म्हणतात म्हणून छंद म्हणायचं.

दादाच्या जहाजावरची माणसं तेव्हा दबक्या आवाजात सांगत, सत्तेचाळीस नंबरच्या लॉटचं पितळ वाईट होतं. त्या दिवशी तोच माल तोफेवर होता. काकांनी यावरून मनाशी एक मांडणी केली. पुंगळी वाईट पितळाची असेल तर उशिरा पेटलेल्या दारूने ती फाटेल. फटीतून आग मागे येईल. त्या दाबाने दार आपोआप उघडलं जाईल. म्हणजे दार दादाने उघडलं नाही, आगीने उघडलं. चौकशीला बसलेल्यांनी उघडं दार पाहिलं आणि जवळच्या हातावर ठपका ठेवला.

हे पडताळून पाहायची खूण त्यांना एका निवृत्त तोफवाल्याने सांगितली होती. दार बंद असताना पुंगळी फाटली तर ती अंगावर उभी फाटते. बूड मात्र सपाट राहतं, कारण त्याच्या मागे पोलाद असतं. दार उघडं असताना उडाली तर उलट होतं. अंग धड राहतं आणि बूड बाहेर फुगतं, कारण मागे टेकायला काहीच नसतं. काकांनी हे वहिनींना सांगितलं, काकूंना सांगितलं, आणि मग इतक्या वेळा सांगितलं की काकू भाजी निवडता निवडता पुढचं वाक्य म्हणून दाखवायच्या.

जहाज पुढे मोडीत निघालं. आगारातलं पितळ लिलावात गेलं आणि गावोगावच्या भंगाराच्या दुकानांत पांगलं. कुठे दार अडवायला, कुठे छत्र्या ठेवायला, कुठे हॉटेलच्या काउंटरवर शोभेला. काका सुट्टीच्या दिवशी पिशवीत फूटपट्टी, कागद आणि पेन्सिल घेऊन निघायचे. दुसऱ्या लॉटच्या चांगल्या पुंगळ्या मिळाल्या तर त्याही आणायचे, कारण तुलना करायला चांगलं पितळही लागतं. घर भरलं ते असं. पण फळीवर मधोमध जागा होती ती फक्त सत्तेचाळीसच्या लॉटला.

आणि सत्तेचाळीसचा लॉट खरंच तडकत होता. मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पुंगळ्या थप्प बोलायच्या. दर वेळी अशी एक सापडली की काका वहिनींकडे जाऊन सांगायचे. वहिनी ती हातात घ्यायच्या, दोन बोटं तोंडात घालून स्वतः वाजवून बघायच्या. काकांइतकाच त्यांचाही कान तयार झाला होता.

एक गोष्ट काकांना ठाऊक होती आणि ती ते बोलत नसत. पितळ नुसतं ठेवलं तरी काही वर्षांनी तडकतं. तबेल्याजवळ, मुतारीजवळ, कोंदट जागी ठेवलं तर लवकर. मोडीत गेलेल्या पुंगळीवरची चीर तोफेत पडली की गोदामात, हे चीर सांगत नाही. नक्की सांगू शकेल अशी एकच पुंगळी होती, त्या दिवशीची. ती चौकशीनंतर कुठे गेली हे कोणालाच माहीत नव्हतं.

भंगारवाला त्यांना चांगला ओळखायचा. काका दुकानात शिरले की आतून ओरडायचा, "या. डॉक्टर आले, पेशंटला उलटा करा."

एकदा त्याने ढिगातून एक बुटकी पुंगळी काढून पुढे केली. वरचा भाग कापून काढलेला, कडा घासून मऊ केलेली.

"ही न्या. काकूंना छत्र्या ठेवायला."

"कापलेली आहे."

"मग काय झालं? बूड जागेवर आहे की."

"तोंड गेलं की लांबी गेली. लांबी गेली की माप गेलं. मुंडकं नसलेल्या माणसाचा फोटो काढून काय करायचंय?"

"अहो, पण बुडावरून ओळखायचं असं तुम्हीच म्हणता."

"धड असेल तर," काका म्हणाले आणि ढिगाकडे वळले.

पुंगळ्या जमवणाऱ्यांमध्ये हा पक्का समज आहे. कापलेली पुंगळी म्हणजे बिघडवलेली पुंगळी. कोणीतरी तिची फुलदाणी केली, राखपात्र केलं, घंटा केली. ती आता वस्तू झाली, पुरावा राहिली नाही. जाणकार तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. नवशिका बघतो आणि हसं करून घेतो. काका नवशिके नव्हते.

वहिनींच्या घरी खिडकीत एक फुलदाणी होती. पितळेची, हातभर उंच, वरची कड बाहेर वळवलेली, खाली लाकडाची जाड गोल बैठक. दादा गेल्यावर काही महिन्यांनी त्याच्या तोफेचा प्रमुख ती घेऊन आला होता. जाडजूड माणूस, दारातच उभा राहिला. "तोफेवरच्या सगळ्यांकडून आहे," एवढं म्हणाला. "लाकूड मी बसवलंय." वहिनींनी चहा ठेवला, तो थांबला नाही. पुढे तोही वारला.

वहिनींनी त्या फुलदाणीत पाणी घालून वेल लावला. वेल वाढला, खिडकीच्या गजांवर चढला. काकांना पुंगळ्यांतलं काही कळू लागलं तेव्हा ती फुलदाणी घरातल्या कपाटासारखी, खुर्चीसारखी झाली होती. एकदा वहिनींनीच विचारलं होतं.

"भावजी, हिच्यावर काही आकडा असेल का?"

काकांनी बसल्या जागेवरून हात लांब करून पेराने टक्‌ केलं. आत पाणी, माती, खाली लाकूड. थप्प.

"कापलेली आहे वहिनी. शोभेची वस्तू. आणि चांगल्या पुंगळीला कोण कशाला करवत लावेल?"

वहिनींनी पुन्हा विचारलं नाही.

यंदा वहिनींनी घर सोडायचं ठरवलं. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला, तिने बरीच वर्षं धोशा लावला होता. गुडघे दुखत होते, जिना चढवत नव्हता. सामान वाटून टाकायला सुरुवात झाली. कपाट शेजारणीला, शिवणयंत्र काकूंना. एका दुपारी वहिनी कापडी पिशवी घेऊन काकांकडे आल्या. तीन मजले चढून आल्यामुळे आधी खुर्चीत बसल्या आणि दम खाल्ला.

"बूड सुटायला आलंय," पिशवीकडे बोट करून त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं पाणी घातलं, लाकूड कुजलं. चिकटवून द्या. लेकीकडे नेते. एवढी एकच वस्तू नेणार आहे."

काकू आतून म्हणाल्या, "वहिनी, त्यांना चिकटवायला देताय? ते उलटी करून आधी वंशावळ विचारतील."

वहिनी हसल्या. काकांनी फडका पसरला आणि फुलदाणी त्यावर ठेवली. वेल काढून टाकला होता. आतून ओल्या मातीचा वास येत होता. त्यांनी लाकडाची बैठक धरून हलकेच पिळली. लाकूड दोन तुकडे होऊन हातात आलं. बैठक आतून वाटीसारखी खोल कोरलेली होती, लागते त्यापेक्षा बरीच खोल. काकांनी फुलदाणी उलटी केली, सवयीने.

बुडावर हिरवट काळी राप चढली होती. त्यांनी टूथब्रश फिरवला, फडक्याने पुसलं. चार इंची तोफ. कारखान्याची अक्षरं. साल. लॉट सत्तेचाळीस.

आणि बूड सपाट नव्हतं. एका बाजूने अर्धं बूड भाकरीसारखं वर फुगलं होतं. उरलेलं अर्धं सपाट होतं. दोन्हींच्या मध्ये आडवी, सरळ, तीक्ष्ण कड उमटली होती. दार खाली सरकत असताना जिथे होतं तिथली ती कड. मधल्या टोपीवर खोल, नीट बसलेली खूण होती. म्हणजे तोफेने ठोका बरोबर मारला होता. जहाजावर असा प्रकार एकदाच झाला होता. अशी पुंगळी दुसरी असू शकत नव्हती.

अजून एक गोष्ट बाकी होती. वरचा भाग कापून गेला होता खरा, पण चीर पडते ती बुडाजवळून सुरू होते. त्यांनी आतली माती खरवडून काढली, पुंगळी पुसली, दोन बोटं तोंडात घालून अधांतरी धरली आणि पेराने टक्‌ केलं.

आवाज निघाला आणि खोलीत बराच वेळ राहिला. आतल्या खोलीत काकूंचं ताटं लावणं थांबलं. या घरात त्या आवाजाचा अर्थ सगळ्यांना कळत होता.

"वाजली," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे पितळ चांगलं आहे."

"चांगलं आहे."

"लॉट कुठला?"

काकांनी कागद-पेन्सिल शोधल्यासारखं केलं. दोन्ही समोरच होतं. "राप फार आहे," ते म्हणाले. "बघावं लागेल."

वहिनींनी पर्समधून चष्मा काढला, नाकावर ठेवला आणि हात पुढे केला. काकांनी पुंगळी दिली. त्यांनी आकडा वाचला. मग अंगठा बुडावरून फिरवला, सपाट भागावरून फुगलेल्या भागाकडे. मधल्या कडेवर अंगठा अडकला, तिथे त्यांनी तो परत एकदा फिरवला.

"मागे टेकायला काही नसलं की असं होतं ना, भावजी?"

"हो."

"म्हणजे दार उघडं होतं."

"अर्धं."

"आगीने उघडलं असतं तर?"

"तर आधी पुंगळी फाटली असती. ही फाटलेली नाही."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. "बाई, दुसरीच असेल एखादी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली. काय सांगता येतंय." चहा ठेवायला म्हणून त्या आत गेल्या, आणि चहा न करताच परत येऊन वहिनींच्या शेजारी बसल्या.

"त्या माणसाने लाकूड मुद्दाम लावलं असेल का?" वहिनींनी विचारलं.

"हे बूड जमिनीवर सरळ उभं राहणार नाही. त्याच्यासाठीही लावलं असेल."

"लपवायला लावलं असेल तर ते आमच्यासाठी की स्वतःसाठी?"

काकांना ते माहीत नव्हतं. तोफेचा प्रमुख म्हणजे दादाला हुकूम देणारा माणूस. दार उघड असं त्याने म्हटलं असेल किंवा नसेल. वरून अधिकारी ओरडला असेल. दुसऱ्या जहाजाशी शर्यत लागली असेल. किंवा यातलं काहीच झालं नसेल, आणि चहा मुरू देणाऱ्या माणसाचा हात त्या एका दिवशी आपोआप दाराकडे गेला असेल.

"घाई का केली असेल हो ह्यांनी?"

"कोणी सांगितलं असेल वहिनी."

"ते असतं का यावर?"

"नाही. ते यावर नसतं."

वहिनींनी पुंगळी फडक्यावर ठेवली. ती एका बाजूला कलली, गोल फिरली आणि आडवी पडली. काकूंनी धरली.

"मी विचारलं होतं तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुम्ही म्हणालात, कापलेली आहे. रोज हात लागायचा माझा हिला. पाणी घालताना."

काकांनी लाकडाचे कुजलेले तुकडे गोळा केले आणि कागदात बांधले. नवी बैठक करून देतो म्हणाले. वहिनी नको म्हणाल्या. मग त्यांनी वेगळंच विचारलं.

"त्या खलाशाची आई. ती असते का अजून? तुम्हाला पत्ता ठाऊक होता."

"कशाला उगाच, वहिनी."

"जाईन म्हणते. लेकीकडे गेले की राहून जाईल."

दोघं रिक्षाने गेले. पत्ता बदललेला नव्हता. तळमजल्यावरची खोली, बाहेर वाळत घातलेले कपडे, दाराला प्लॅस्टिकचा पडदा. सुनेने आत बोलावलं. म्हातारी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर रेडिओ. फार बारीक झाली होती. सुनेने कानाशी तोंड नेऊन सांगितलं, तोफेवर होते त्यांची बायको आलीय. म्हातारीने मान हलवली.

"बसा," ती म्हणाली.

वहिनी बसल्या नाहीत. व्हरांड्यात ती जशी समोर उभी राहिली होती तशा तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही म्हणाला होतात ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "दार ह्यांनीच उघडलं. आता कळलं. म्हणून सांगायला आले."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"मी काय म्हणाले होते?"

वहिनींनी ते वाक्य सांगितलं. शब्दन्‌ शब्द सांगितला. म्हातारी ऐकत होती. एखाद्या अनोळखी घरातलं भांडण ऐकावं तसं.

"मी म्हणाले असं?" ती म्हणाली. "असेन म्हणाले. तेव्हा मी सगळ्यांनाच काहीबाही बोलायचे. ह्या हिच्या नवऱ्यालासुद्धा बोलले होते." तिने सुनेच्या हाताला हात लावला. "तुम्ही मनावर घेतलंत होय."

सुनेने पाणी आणून दिलं. वहिनींनी ते पिऊन पेला परत दिला. काकांना निघावंसं वाटत होतं आणि निरोप कसा घ्यावा ते कळत नव्हतं. ते उभेच होते. म्हातारीने रेडिओचा आवाज थोडा वाढवला, मग पाहुणे आहेत हे आठवून कमी केला.

रिक्षात वहिनी बाहेर बघत होत्या. एका सिग्नलला म्हणाल्या, "तिला आठवतच नाही."

आठवड्याभरात त्या मुलीकडे गेल्या. फुलदाणी नेली नाही. वेल मात्र प्लॅस्टिकच्या बरणीत घालून मांडीवर धरून नेला. फोन येतो, काकूंशी बोलतात, गुडघ्यांचं सांगतात. काकांना फोन द्यायला सांगत नाहीत आणि काकाही मागत नाहीत.

पुंगळी काकांकडे आहे. फळीवर मधोमध, सत्तेचाळीसच्या ओळीत, बुडाखाली लाकडी पाचर देऊन उभी केलेली. पाचर काकूंनी दिली. झाडू मारताना बाकीच्या पुंगळ्या त्या उचलतात. हिच्या बाजूने झाडू वळवून घेतात.

भंगारवाल्याचे निरोप अजून येतात. मध्यंतरी त्याने आवर्जून सांगितलं, सत्तेचाळीसची आलीय, अगदी धड, तोंडाला पोचासुद्धा नाही. काका गेले. उलटी केली, आकडा वाचला, वाजवली. थप्प झालं. पूर्वी अशा आवाजावर ते दुकानातून घाईने निघायचे, वहिनींचं घर गाठायला.

"घ्या की," भंगारवाला म्हणाला. "तुमचा मोडका लॉट."

"राहू दे."

त्यांनी ती ढिगावर परत ठेवली आणि ढिगाच्या मागे, जिथे शोभेचा माल टाकलेला असतो, तिकडे गेले. खाली बसले. फुलदाण्या, राखपात्रं, छत्र्यांच्या उभ्या नळ्या. सगळ्या कापलेल्या, काहींना खाली स्क्रूने लाकूड बसवलेलं. एकेक उचलून उलटी करू लागले.

"आता काय शोधताय?" भंगारवाल्याने विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "स्क्रूड्रायव्हर आहे का तुझ्याकडे?"